विज्ञानाच्या वर्गातील हलते चित्र

१९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाची विद्या शिकून विलायतेहून मुंबईस परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्यास अद्याप वर्षभराचा अवकाश होता आणि त्यासाठी लागणारे भांडवल तर मुळीच हाताशी नव्हते. भांडवल देणाऱ्यास या नव्या विद्येचे सामर्थ्य पटावे म्हणून फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि रोपाची वाढ दिवसामागून दिवस थोडीथोडी टिपली. महिन्याहून अधिक काळात घडलेली ती वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटभरात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो इवलासा चित्रपट ओळखला जातो. तो काढण्यामागील हेतू अगदी व्यावहारिक होता. परंतु त्याने जे दाखविले ते शेतात जन्म घालविलेल्या माणसानेही कधी पाहिलेले नव्हते. पीक वाढले हे शेतकऱ्यास ठाऊक असते. ते वाढताना त्यास दिसत नाही. पुढे फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटात आगपेटीतील काड्यांकडून कसरती करवून घेतल्या. युक्ती तीच: काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. आज जिला ॲनिमेशन म्हणतात ती कला याहून तत्त्वतः निराळी नाही. सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे डोळ्यांपुढून सरकली की मन त्यांतून गती निर्माण करते. ही गती पडद्यावर नसते, ती पाहणाऱ्याच्या ठिकाणी असते.

विज्ञान शिकविणाऱ्यास या युक्तीचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविकच आहे. त्याच्या विषयातील बहुतेक गोष्टी मानवी डोळ्याच्या कक्षेबाहेर घडतात. काही फार सावकाश घडतात: भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत आहे आणि त्याच रेट्याने हिमालय उभा राहिला आहे. काही फार वेगाने घडतात: डासाचे पंख सेकंदात काही शे वेळा हलतात. काही इतक्या सूक्ष्म असतात की उत्तमातल्या उत्तम भिंगाचाही तेथे पाड लागत नाही, तर काही इतक्या विशाल की त्यांच्यापासून दूर उभे राहण्यास जागाच नाही. कोमेनियसने १६५८ साली मुलांसाठी पहिले सचित्र पाठ्यपुस्तक काढले तेव्हापासून चित्र हे शिक्षकाचे सहायक आहे; पण छापील चित्रास काळाचे परिमाण नसते. त्यात बाण काढून गती सुचवावी लागते, आणि तो बाण गतीचा आहे, बलाचा आहे, की केवळ नाव दाखविण्यासाठी काढलेला आहे, हे मुलाने तर्कानेच ओळखावयाचे असते. हृदयाच्या झडपा कोणत्या क्रमाने उघडतात व मिटतात, किंवा लाट पुढे जात असताना पाण्यावरील बूच मात्र जागच्या जागी खालीवर का होते, हे फळ्यावर समजावताना निष्णात शिक्षकाचीही दमछाक होते. तेथे अर्ध्या मिनिटाचे हलते चित्र अर्ध्या तासाच्या व्याख्यानाचे काम करून जाते, हे नाकारण्याचे कारण नाही.

तथापि याच आकर्षणातून दर पिढीत एक मोठी आशा निर्माण झाली आणि दर पिढीत ती ओसरली. टॉमस एडिसन यांनी १९१३ साली असे भाकीत वर्तविले होते की, शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत सारी शिक्षणपद्धती चित्रपटामुळे पालटून जाईल. दहा वर्षे गेली, शंभरही गेली. त्याच आशेने पुढे रेडिओचे, दूरचित्रवाणीचे, संगणकाचे आणि आता हातातील मोबाईलचे स्वागत झाले. पुस्तक मात्र जागेवरच आहे. याचा दोष कित्येकदा शिक्षकांच्या पुराणप्रियतेवर लादला जातो. तो न्याय नव्हे. खरे कारण मनुष्याच्या मनाच्या घडणीत आहे, आणि त्याचा शोध गेल्या तीसचाळीस वर्षांत पुष्कळ बारकाईने घेतला गेला आहे.

मनाची एक ओसरी असते असे समजावे. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट प्रथम त्या ओसरीवर टेकते. आतल्या माजघरात, म्हणजे कायमच्या स्मृतीत, तिला न्यायचे तर ओसरीवर तिची जुन्या माहितीशी गाठ पडावी लागते. ही ओसरी फार लहान आहे. तेथे एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. मानसशास्त्रज्ञ तिला कार्यस्मृती म्हणतात. छापील चित्रासमोर मूल हवे तितके थांबू शकते, मागे जाऊ शकते, बोट ठेवून पाहू शकते. हलते चित्र कोणासाठी थांबत नाही. पहिली गोष्ट ओसरीवर बसते न बसते तोच दुसरी येऊन तिला उठविते, आणि पाठ संपल्यावर मुलाजवळ ‘छान होते’ एवढाच ठसा उरतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत रिचर्ड मेयर यांनी या विषयावर दीर्घकाळ प्रयोग केले. वीज कशी पडते, वाहनाचा ब्रेक कसा लागतो, पंप कसा चालतो अशा साध्या विषयांवरचे पाठ निरनिराळ्या रीतींनी विद्यार्थ्यांपुढे ठेवून, नंतर त्यांना नव्या परिस्थितीत ते ज्ञान वापरता येते का, हे ते तपासत. निष्कर्ष पाठ तयार करणाऱ्यांस थोडे अप्रिय वाटावेत असे आहेत. पाठाला पार्श्वसंगीताची जोड दिली तर समज वाढण्याऐवजी घटते. विजेच्या पाठात वीज पडून झालेल्या अपघातांच्या चित्तवेधक हकीकती घातल्या तर मुलांना हकीकती आठवतात आणि वीज विसरते. चित्राबरोबर निवेदन ऐकू येत असताना तेच निवेदन खाली अक्षरांतही उमटविले तर फायदा नव्हे, तोटा होतो. कारण डोळ्यांनी चित्र पाहावे की अक्षरे वाचावीत हा झगडा सुरू होतो. चित्र डोळ्यांनी आणि शब्द कानांनी, दोन्ही एकाच क्षणी व दोन्ही बेताचे, ही जोडी सर्वांत लाभदायक ठरते. आजच्या बहुतेक तयार पाठांत संगीत असते, उड्या मारणारे एखादे कार्टून पात्र असते आणि अक्षरेही असतात. तयार करणाऱ्यांचा हेतू मुलांना कंटाळा येऊ नये असा असतो. कंटाळा जातो खरा, पण त्याच्यासवे विषयही जातो.

याहून मूलगामी प्रश्न स्टॅनफर्डच्या बार्बरा ट्वर्स्की यांनी २००२ साली विचारला. हलते चित्र स्थिर चित्रापेक्षा सरस ठरल्याचे जे अभ्यास प्रसिद्ध झाले होते ते त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा त्यांपैकी पुष्कळांत हलत्या चित्रात मुळात अधिक माहिती भरलेली आढळली. तुलना बरोबरीची नव्हतीच. पुढे २००५ साली मेयर आणि मेरी हेगार्टी यांनी केलेल्या प्रयोगांत काही नेमकी निवडलेली स्थिर चित्रे व त्यांखालील मजकूर हा निवेदनयुक्त हलत्या चित्राइतकाच, किंबहुना काही कसोट्यांवर अधिक उपयोगी ठरला. कारण विचार करण्याजोगे आहे. दोन स्थिर चित्रांमधील गती मुलाला स्वतःच्या मनात घडवावी लागते. हलत्या चित्रात ती आयती मिळते. जे श्रम वाचले तेच शिकण्याचे श्रम होते. अर्थात यावरून हलते चित्र निरुपयोगी असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. नंतरच्या व्यापक पाहण्यांत, विशेषतः हातांनी करावयाच्या क्रिया शिकविताना, त्याचा निश्चित लाभ दिसून आला आहे. गाठ कशी मारावी हे पुस्तकावरून शिकणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको.

आतापर्यंतचे विवेचन चित्र खरे आहे असे गृहीत धरून झाले. परंतु चित्र खोटेही असू शकते, आणि विज्ञानात तो धोका सर्वांत मोठा आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे प्रत्येक मूल शिकते. पडद्यावर ती बाजूने पाहिल्यासारखी, चांगली लांबट काकडीसारखी दाखवितात. वस्तुतः फळ्यावर एक मीटर रुंदीची कक्षा काढली तर तिची लांबी आणि रुंदी यांत मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढाच फरक पडेल. खडूची रेघ त्याहून कितीतरी जाड असते. सूर्य तेवढा मध्यापासून आठ मिलिमीटर बाजूला सरकवावा लागेल. लांबट कक्षा पाहून मूल सरळ अनुमान काढते की, पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा. अनुमान तर्कशुद्ध आहे. पाया चुकीचा आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत निकट असते ती जानेवारीच्या आरंभी, ज्या वेळी दिल्ली-आग्र्याकडे माणसे शेकोटीभोवती बसलेली असतात. ऋतू होतात ते अक्षाच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्यामुळे. १९८७ साली अमेरिकेत निघालेल्या एका माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदानसमारंभाच्या वेळी तेवीस जणांना ऋतूंचे कारण विचारले असता एकवीस जणांची उत्तरे चुकली. त्यांत विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि अध्यापकही होते. त्यांनी लहानपणी पाहिलेल्या आकृतींचाही या चुकीत वाटा असणार.

अंतरांचेही तेच. पडद्यावर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एकाच चौकटीत शेजारीशेजारी फिरतात. पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी, म्हणजे एक मिलिमीटरची मानली, तर चंद्र तिच्यापासून तीन सेंटिमीटरांवर येतो; सूर्य मोठ्या बेलफळाएवढा होतो आणि त्यास ठेवण्यासाठी सुमारे बारा मीटर दूर, वर्गाबाहेर पटांगणात जावे लागते. हे कोणत्याही पडद्यावर मावत नाही. मोहरी, बेलफळ आणि पटांगण मात्र खेड्यातील शाळेलाही उपलब्ध असते.

रसायनशास्त्राच्या अध्यापनात हलत्या चित्राची गरज सर्वांत अधिक आहे आणि फसगतही तेथेच अधिक होते. चंचुपात्रातील पाणी उकळते ते दिसते. फळ्यावर लिहिलेले सूत्रही दिसते. या दोहोंच्या मध्ये रेणूंचे जे जग आहे ते दिसत नाही. विकी विल्यमसन आणि मायकेल एब्रहॅम यांनी १९९५ साली दाखवून दिले की, व्याख्यानाला रेणूंच्या हलत्या चित्रांची जोड दिलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची रेणूंविषयीची कल्पना इतरांपेक्षा अधिक स्पष्ट झाली. ही जमेची बाजू. आता दुसरी बाजू पाहावी. कित्येक चित्रांत द्रवाचे रेणू एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर तरंगताना दाखवितात, जणू द्रव म्हणजे घन आणि वायू यांच्या मधला मुक्काम. प्रत्यक्षात पाण्याचे रेणू एकमेकांस जवळजवळ टेकलेलेच असतात. एक ग्रॅम पाणी एक घनसेंटिमीटर जागा व्यापते. त्याचीच उकळत्या तापमानाची वाफ सुमारे सतराशे घनसेंटिमीटर. म्हणजे वाफेत दोन रेणूंमधील अंतर सुमारे बारापट होते. चित्रात ते बारापट दाखविले तर पडद्यावर दोनचारच ठिपके उरतील आणि पाहणाऱ्यास काही बिघाड झाला असे वाटेल. म्हणून चित्रकार ते दुप्पट-तिप्पट दाखवून मोकळा होतो. शिवाय रेणूंच्या मधली मोकळी जागा निळ्या रंगाने भरलेली असते. मूल समजते की पाण्यात रेणू असतात, जशी खिरीत साबुदाण्याची दाणी. पाणी म्हणजेच रेणू, मधे दुसरे काही नाही, ही गोष्ट त्या निळ्या रंगाने पुसून टाकली. असल्या चुका शिक्षकाने वेळीच दाखवून दिल्या तर त्यांचाही पाठ होतो; न दाखविल्यास त्या वर्षानुवर्षे टिकतात.

भारतात या साधनांचा इतिहास नवा नाही. दिल्लीत दूरचित्रवाणीस १९५९ साली प्रारंभ झाला आणि १९६१ पासूनच तेथील माध्यमिक शाळांसाठी पदार्थविज्ञान व रसायन यांचे पाठ दाखविले जाऊ लागले. अनेक शाळांत धड प्रयोगशाळा नव्हती, हे त्यामागील एक कारण होते. याहून मोठा उपक्रम १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात झाला. अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोहोचविण्यात आली. तारेच्या जाळीच्या मोठ्या छत्र्या शाळांच्या छपरांवर चढल्या. सकाळी शाळकरी मुलांसाठी हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड या चार भाषांत कार्यक्रम असत, आणि सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण याच मार्गाने देण्यात आले. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. मराठीपुरते बोलायचे तर पुण्याची बालचित्रवाणी ही संस्था १९८४ पासून शालेय कार्यक्रम तयार करीत होती. २०१७ साली ती बंद करण्यात आली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांतील चौकोनी ठिपक्यांच्या खुणेवर मोबाईल धरला की तेथील साहित्य उघडू लागले.

या इतिहासात एक शासकीय सत्य दडलेले आहे. यंत्र खरेदी करणे सोपे असते, कारण त्यास एक निविदा पुरते. ते चालू ठेवणे कठीण असते, कारण त्यास दरवर्षी थोडाथोडा पैसा आणि रोजचे लक्ष लागते. शाळेत आलेला प्रोजेक्टर प्रथम डेडस्टॉक रजिस्टरात चढतो. मग तो बिघडला तर जबाबदारी कोणाची, या चिंतेने त्यावर कापड पडते. प्रयोगशाळेतील परीक्षानळ्यांचीही पुष्कळ ठिकाणी हीच कथा आहे: फुटेल म्हणून कपाटात, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. साहित्याचेही आयुष्य अल्प असते. फ्लॅश या प्रणालीत तयार झालेली शेकडो शैक्षणिक चित्रे, तिचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपल्यावर, एका रात्रीत मुकी झाली. पुस्तकाला वाळवी लागते, पण ती सगळ्या प्रतींना एकाच दिवशी लागत नाही.

खरा पेच याहून गंभीर आहे. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही तेथे पडदा बसविला की प्रयोगशाळेची निकड संपली, असे मानण्याकडे व्यवस्थापनाचा कल होतो. पडद्यावरील परीक्षानळी कधी फुटत नाही, आम्ल कधी सांडत नाही, दिवा कधी विझत नाही आणि उत्तर नेहमी बरोबर येते. खऱ्या प्रयोगात ते चुकते. ते का चुकले याचा शोध घेणे म्हणजेच विज्ञान, आणि तो शोध चित्रातून वगळलेला असतो. १९७२ साली मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांत सुरू झालेल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमाने स्वस्त व स्थानिक साहित्यातून मुलांकडून प्रयोग करवून घेतले, आणि तो २००२ पर्यंत चालला. जे हाताने करता येते ते हातानेच करावे. दोरीला दगड बांधून लंबक होतो, त्याचे चित्र दाखविणे हा आळस आहे. जे हाताला व डोळ्याला अगम्य आहे, तेथेच पडद्याला बोलवावे.

संगणकाने या बाबतीत एक मधली वाट काढली आहे. २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात चित्र नुसते चालत नाही. मूल त्यात हात घालू शकते. वायूच्या डब्याचे आकारमान कमी करावे, उष्णता वाढवावी, तार तोडून दिवा विझतो का पाहावे. ही सिम्युलेशने विनामूल्य आहेत आणि त्यांतील कित्येक मराठीतही उपलब्ध आहेत. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे मराठी माध्यमाच्या शाळा विरळ होत असताना, घरी मराठी बोलणाऱ्या मुलास रेणूची कल्पना मातृभाषेत पाहावयास मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

भाषेचा प्रश्न तयार चित्रांत मात्र वारंवार येतो. निवेदन इंग्रजीत असते, उच्चार परके असतात, गती घाईची असते. त्यावर उपाय सोपा आहे: आवाज बंद करावा आणि शिक्षकाने स्वतः बोलावे. चित्र डोळ्यांना व शब्द कानांना हे तत्त्व याने अधिकच उत्तम साधते, कारण शिक्षकाला मुलांचे चेहरे दिसतात. कोठे थांबावे हे त्याला कळते. तीन मिनिटांचे चित्र चार ठिकाणी थांबवून वीस मिनिटांत दाखविण्यात काही कमीपणा नाही. थांबविण्यापूर्वी ‘आता पुढे काय होईल?’ हे विचारावे, आणि मुलांची उत्तरे फळ्यावर लिहूनच पुढे जावे. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी २००८ च्या सुमारास केलेल्या अभ्यासात असे आढळले की, नेटके व सुबोध स्पष्टीकरण देणाऱ्या चित्रफितीपेक्षा, जिच्यात प्रथम नेहमीचे चुकीचे मत मांडून मग त्याची चिकित्सा केली होती, तिच्यापासून विद्यार्थी अधिक शिकले. गंमत अशी की, पहिल्या प्रकारची चित्रफीत पाहणाऱ्यांना ती अगदी स्पष्ट वाटली होती. दुसरी पाहणाऱ्यांना गोंधळल्यासारखे वाटले होते. समजल्यासारखे वाटणे आणि समजणे यांत असे अंतर असते.

ते अंतर मोजण्याची एक जुनी व बिनखर्ची रीत आहे. इस्रायलमधील शिमशोन नोविक आणि योसेफ नुसबाउम यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना हवेने भरलेला एक चंबू दाखविला. पंपाने त्यातील काही हवा काढून घेतली. मग कोरा कागद देऊन विचारले की, आतील हवा दिसू शकली असती तर ती हवा काढण्यापूर्वी कशी दिसली असती आणि काढल्यानंतर कशी? कित्येकांनी उरलेली हवा ढगासारखी सलग रंगविली. काहींनी ती चंबूच्या एका कोपऱ्यात गोळा करून बाकीची जागा रिकामी ठेवली. ठिपके काढून ते सर्वत्र विरळ पसरविणारी मुले होती, पण ‘ठिपक्यांच्या मध्ये काय आहे?’ या प्रश्नाला त्यांतील पुष्कळांनी ‘हवा’ किंवा ‘धूळ’ असे उत्तर दिले. रेणूंचे कितीही देखणे चित्र दाखवून झाले तरी तास संपण्यापूर्वी पडदा बंद करून हा कागद मुलांच्या हाती द्यावा. चंबू नसल्यास इंजेक्शनची सुई नसलेली पिचकारी चालते: तोंड बोटाने दाबून दट्ट्या अर्धा ओढायचा आणि आत काय झाले ते काढावयास सांगायचे.